न पाहिलेल्या वस्तूवर बोली लावण्याआधी

प्रश्न असा आहे: एका लिलावगृहाच्या ऑनलाइन विक्रीत तीन वस्तू मनात भरल्या आहेत. ओकच्या फळीवर रंगवलेलं एक छोटं निसर्गचित्र, ज्याच्या नोंदीत 'सर्कल ऑफ यान फान गोयेन' (हा जुना डच निसर्गचित्रकार) आणि 'बेअर्स मोनोग्राम' (म्हणजे आद्याक्षरांची सही) असं लिहिलंय. अठराव्या शतकातला लंडनचा चांदीचा कॉफीपॉट. आणि अक्रोडाच्या लाकडाचं लिहिण्याचं मेज. तिन्हींच्या किमतीचे अंदाज आवाक्यातले आहेत, पण वस्तू दुसऱ्या देशात आहेत, जाऊन पाहणं शक्य नाही, आणि विक्री बंद व्हायला सहा दिवस उरलेत. बोली लावावी का, आणि लावायची तर कशी?

आधी सरळ उत्तर देतो. कॉफीपॉटवर लावा, कारण तिघांत तोच असा आहे की जो चांगल्या फोटोंवरून बऱ्यापैकी पडताळता येतो. चित्रावर लावा, पण मागच्या बाजूचे आणि अतिनील प्रकाशातले फोटो हाती आल्यावरच. मेजाचा नाद वाहतुकीचा भाव कळेपर्यंत सोडा. आता हे कशावरून म्हणतो ते सांगतो.

या धंद्यातली माझी पहिली काही वर्षं लिलावगृहात वस्तूंचे स्थिती-अहवाल लिहिण्यात गेली. नंतरची सगळी घेणाऱ्यांच्या बाजूने काम करण्यात. त्यामुळे एक गोष्ट आतून माहीत आहे: छोट्या विक्रीत एका वस्तूच्या वाट्याला अहवाल लिहिणाऱ्याची पाच-सात मिनिटं येतात. तो खोटं लिहीत नाही, पण त्याच्या डोळ्यांसमोर जे येतं तेवढंच लिहितो, आणि जे कुणी विचारलं नाही ते बहुतेक वेळा लिहायचं राहून जातं. ऑनलाइन लिलावात तुम्ही वस्तूवर बोली लावत नाही, तिच्या वर्णनावर लावता. म्हणून त्या वर्णनात काय नाही हे शोधणं हेच खरं काम, आणि ते बोलीची वेळ येण्याआधी संपायला हवं.

चित्रापासून सुरुवात करू, कारण तिथे शब्दांचा खेळ सर्वांत मोठा आहे. कॅटलॉगमध्ये चित्रकाराचं नाव नुसतं, कुठल्याही विशेषणाशिवाय छापलं असेल, तर त्याचा अर्थ 'आमच्या मते हे त्याच्याच हातचं'. 'अ‍ॅट्रिब्युटेड टू' म्हणजे बहुधा त्याचं, पण खात्री नाही. 'स्टुडिओ ऑफ' म्हणजे त्याच्या कार्यशाळेत, कदाचित त्याच्या नजरेखाली झालेलं. 'सर्कल ऑफ' म्हणजे त्याच्या काळातला, त्याच्या प्रभावाखालचा दुसराच कुणीतरी. 'फॉलोअर ऑफ'मध्ये काळाचीही हमी सैल होते. 'मॅनर ऑफ' म्हणजे त्याच्या शैलीत, पण बरंच नंतर. आणि 'आफ्टर' म्हणजे चक्क नक्कल, कुठल्याही काळातली. या पायऱ्यांवर एक पायरी खाली उतरलं की किंमत अनेकदा एका शून्याने कमी होते. तेव्हा तुमच्या नोंदीतला 'सर्कल' हा शब्द नीट वाचा: लिलावगृह स्पष्ट सांगतंय की हे फान गोयेनचं नाही.

सहीचंही तसंच. 'साइन्ड' म्हणजे सही चित्रकाराची आहे असं त्यांचं मत. 'बेअर्स' म्हणजे चित्रावर मोनोग्राम आहे खरा, पण तो दुसऱ्याच कुणी घातलेला असण्याची शक्यता त्यांना दिसते. नवखे घेणारे मोनोग्रामचा फोटो मोठा करून पाहतात आणि हरखून जातात. तुम्ही तो मोनोग्राम पूर्णपणे विसरून चित्राकडे बघा, आणि तरीही ते हवंसं वाटलं तरच पुढे जा.

हमीचं गणितही या शब्दांना बांधलेलं असतं. ख्रिस्टीज आणि सदबीज यांच्यासारख्या मोठ्या लिलावगृहांच्या अटी वाचल्या तर दिसेल की अस्सलपणाची हमी ५ वर्षांची असते, आणि ती फक्त नोंदीच्या शीर्षकात ठळक किंवा मोठ्या अक्षरांत छापलेल्या मजकुरापुरती लागू होते. खाली निबंधात कितीही गोड लिहिलेलं असो, ते हमीत धरलं जात नाही. शीर्षकातच 'सर्कल ऑफ' असेल तर उद्या ते फान गोयेनचं नाही म्हणून पैसे परत मागता येणार नाहीत. छोट्या लिलावगृहांच्या अटी याहून तोकड्या असू शकतात. त्या पूर्ण वाचा. कंटाळवाणं काम आहे, पण वीस मिनिटांत होतं.

आता फळीकडे. यान फान गोयेन १५९६ ते १६५६ या काळातला. तो फार पातळ रंग वापरायचा, आकाश आणि पाणी राखाडी-तपकिरी छटांत इतक्या हलक्या हाताने लावायचा की खालच्या ओकच्या रेषा दिसतात. त्याच्या आसपासच्या चित्रकारांनीही हीच पद्धत उचलली. या पातळपणामुळे ही चित्रं एका दुखण्याला फार लवकर बळी पडतात: जुन्या काळी कुणीतरी वार्निश काढताना जोरात घासलं, की रंगाचा वरचा थर निघून जातो आणि लाकडाच्या रेषा गरजेपेक्षा जास्त उघड्या पडतात. जहाजाच्या दोऱ्या, झाडाच्या शेंड्याची पानं, दूरच्या चर्चचं टोक हे बारीक काम सगळ्यात शेवटी रंगवलेलं असतं, त्यामुळे घासाघाशीत ते सगळ्यात आधी जातं. फोटो मोठा करा आणि नेमकं तिथेच बघा. दोऱ्या मध्येच तुटलेल्या असतील, किंवा त्याउलट बाकी चित्राच्या मानाने फारच धारदार आणि काळ्या असतील, तर पहिल्या बाबतीत रंग गेलाय आणि दुसऱ्या बाबतीत कुणीतरी तो नव्याने भरलाय.

आता फळीची मागची बाजू मागवा. नुसता 'मागचा फोटो' नको. पूर्ण पाठ, चारही कडा, आणि लेबलं असतील तर ती वाचता येतील इतक्या जवळून. जुन्या फळीच्या कडा बहुधा मागून उतरत्या तासलेल्या असतात, म्हणजे ती फ्रेममध्ये नीट बसावी. पाठीवर हाताच्या हत्यारांच्या असमान खुणा दिसतात. पाठ गुळगुळीत, नव्यासारखी असेल किंवा त्यावर लाकडी पट्ट्यांची जाळी बसवलेली असेल, तर फळी वाकली होती म्हणून कधीतरी तिला तासून सरळ केलंय. याने चित्र खोटं ठरत नाही, पण ते ताणाखाली आहे आणि हवेतला ओलावा बदलला की तडा जाऊ शकतो. नोंदीत जाळीचा उल्लेख नसेल तर विचारा.

कॅनव्हासवरचं चित्र असतं तर खिळे पाहायला सांगितलं असतं. कॅनव्हास लाकडी चौकटीला स्टेपल पिनांनी ठोकलेला असेल तर तो विसाव्या शतकात किंवा त्यानंतर कधीतरी तिथे बसवला गेलाय, मग चित्र कितीही जुनं दिसो. अर्थात चौकट बदललेली असू शकते, म्हणून एका खुणेवरून निकाल देऊ नये. तीन-चार खुणा एकाच दिशेला बोट दाखवायला लागल्या की मत बनवावं.

मग अतिनील दिव्याखालचा फोटो. अंधाऱ्या खोलीत हा दिवा चित्रावर धरला की जुनं नैसर्गिक राळेचं वार्निश हिरवट झाक मारत चमकतं, आणि त्यावर नंतर केलेली दुरुस्ती काळ्या-जांभळ्या डागांसारखी उठून दिसते. बऱ्याच लिलावगृहांकडे हा दिवा असतो, आणि मागितलं तर फोटो पाठवतात. काही वर्षांपूर्वी एक समुद्रदृश्य मी स्वतःसाठी घेतलं. अहवालात 'किरकोळ रीटचिंग' लिहिलं होतं, घाईत होतो, हा फोटो मागितला नाही. घरी आल्यावर खोली अंधारी करून दिवा लावला, तर क्षितिजाच्या वरचं जवळजवळ सगळं आकाश काळं. डावीकडच्या कोपऱ्यात तळहाताएवढा हिरवट तुकडा तेवढा मूळचा. ते चित्र आजही माझ्याकडे आहे, आणि तेव्हापासून या फोटोशिवाय एकाही चित्रावर बोली लावलेली नाही. हेही लक्षात असू द्या की दुरुस्तीवर पुन्हा दाट वार्निश मारलं तर ती या दिव्यालाही चकवते. सगळं चित्र एकसारखं, गढूळ हिरवं दिसत असेल तर 'दुरुस्ती नाही' असा अर्थ काढू नका. 'दिसत नाही' एवढाच काढा.

चित्राचा मालकीचा इतिहास हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. युरोपातल्या जुन्या चित्रांबाबत १९३३ ते १९४५ हा काळ कोरा असेल तर थांबावं. ॲम्स्टरडॅमचा व्यापारी जाक गाउडस्टिकर १९४० च्या मे महिन्यात नाझींपासून पळून जाताना जहाजावर पडून मरण पावला, आणि मागे राहिलेला त्याचा मोठा संग्रह नाझी नेता गोरिंगच्या आणि इतरांच्या हाती गेला. त्यातली २०२ चित्रं डच सरकारने वारसांना परत केली ती थेट २००६ मध्ये. गाउडस्टिकरचा धंदा मुख्यतः डच जुन्या चित्रकारांचा होता, म्हणजे तुमचं चित्र ज्या जातीचं आहे त्याच जातीचा. म्हणून पाठीवरचं प्रत्येक लेबल, आकडा, लाखेची मोहोर महत्त्वाची. लिलावगृहाला विचारा की आर्ट लॉस रजिस्टरमध्ये, म्हणजे हरवलेल्या आणि चोरीच्या कलावस्तूंच्या नोंदवहीत, तपासणी केली आहे का. इंटरपोलच्या चोरीच्या कलावस्तूंच्या यादीत ५० हजारांहून जास्त वस्तू आहेत, आणि २०२१ पासून 'आयडी-आर्ट' या ॲपवर ती कुणालाही फुकट पाहता येते. तपासायला दहा मिनिटं लागतात.

पण लेबल आहे म्हणून निर्धास्तही होऊ नका. जर्मनीतल्या वोल्फगांग बेल्ट्राकीने आपल्या बनावट चित्रांच्या पाठीवर 'फ्लेख्टहाइम संग्रह' (हा एक जुना कलाव्यापारी) अशी खोटी लेबलं चिकटवली होती, आणि जाणकार फसले ते त्यांच्यामुळेही. तो सापडला तो रंगावरून. १९१४ चं म्हणून विकलेल्या एका चित्रात टायटॅनियम पांढरा सापडला, आणि त्या साली तो रंग चित्रकारांना उपलब्धच नव्हता. २०११ मध्ये त्याला शिक्षा झाली. तुमच्या आवाक्यातल्या चित्रासाठी कुणी रंगाचं रासायनिक विश्लेषण करणार नाही, आणि करायची गरजही नाही. पण कागदी पुरावा आणि वस्तूतला पुरावा एकमेकांशी जुळतात का, हा प्रश्न लहान वस्तूलाही तितकाच लागू आहे.

कॉफीपॉट. इथे मी जास्त आश्वस्त का आहे, तर इंग्लिश चांदीवर तपासणीचे शिक्के असतात आणि ते वाचता येतात. लंडनचा शिक्का म्हणजे बिबळ्याचं तोंड (१८२१ पर्यंत मुकुट घातलेलं), चालता सिंह म्हणजे ९२.५ टक्के शुद्धता, एक अक्षर म्हणजे साल, आणि कारागिराची आद्याक्षरं. १७८४ ते १८९० या काळात कर भरल्याची खूण म्हणून राजा किंवा राणीचं डोकंही येतं. तेव्हा नोंदीत १७४५ लिहिलंय आणि फोटोत डोक्याचा शिक्का दिसतोय, तर काहीतरी चुकलंय. उलटही खरं: १८०० चा पॉट आणि डोकं गायब, तरी विचारायला हवं. सालाचं अक्षर एकटं वाचू नका, कारण अक्षरमाला दर काही वर्षांनी फिरून येते. अक्षराचा वळणदारपणा आणि ढालीचा आकार दोन्ही जुळले पाहिजेत.

शिक्क्यांचा फोटो तिरप्या उजेडात मागवा. समोरून फ्लॅश मारला की चांदी पांढरी फटक दिसते आणि झिजलेला शिक्काही ताजा वाटतो. झाकणावर शिक्का आहे का ते विचारा. असायला हवा, आणि तो अंगावरच्या शिक्क्याशी जुळायला हवा, नाहीतर झाकण दुसऱ्या पॉटचं असू शकतं. मग एक युक्ती, जी चांदीच्या धंद्यातले लोक रोज करतात: शिक्क्यांच्या आसपास तोंडाची वाफ सोडायची. ओल्या धुक्यात झाळकामाची रेघ वेगळी उमटते. कधी एखाद्या लहान, मोडक्या वस्तूवरचा शिक्क्यांचा तुकडा कापून मोठ्या वस्तूत झाळून बसवलेला असतो. वाफ सोडली की त्याच्याभोवती गोल किंवा चौकोनी रेघ दोन सेकंद दिसते आणि विरून जाते. हे तुमच्या वतीने लिलावगृहातल्या माणसाला करायला सांगता येतं. मी नेहमी सांगतो, आणि आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

अजून दोन गोष्टी. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातले बरेच पॉट साधे, गुळगुळीत होते, आणि एकोणिसाव्या शतकात त्यांच्यावर आवडीप्रमाणे फुलापानांची उठावाची नक्षी केली गेली. सगळीकडे फुलं, आणि त्यांच्या मध्ये शिक्के चेपल्यासारखे, तर नक्षी नंतरची. अशा पॉटची किंमत साध्या मूळच्या पॉटपेक्षा बरीच कमी असते. दुसरं, पोटावर मधोमध अंग पातळ आहे का ते अंगठ्याने हलकं दाबून पाहायला सांगा. जुन्या मालकाचं कुलचिन्ह घासून काढलं असेल तर तिथला पत्रा दबतो.

हँडल कशाचं आहे तेही पाहा. लाकडी असेल तर प्रश्न नाही. पण हँडल चांदीचं असेल तर त्यात उष्णता अडवायला हस्तिदंताच्या बारीक चकत्या बसवलेल्या असू शकतात, आणि या चकत्या म्हणजे सीमेवरची अडचण. वन्य प्राणी आणि वनस्पतींच्या व्यापारावरचा साइट्स करार १९७५ पासून अमलात आहे, ब्रिटनचा हस्तिदंत कायदा २०२२ पासून. वस्तू शंभर वर्षं जुनी आहे म्हणून सूट आपोआप मिळत नाही. ती मागावी लागते, कागद लागतात, आणि काही देशांत काहीही केलं तरी मिळत नाही. कासवाची पाठ, काही जातींचं प्रवाळ आणि ब्राझिलियन रोझवुड यांनाही हेच लागू. ज्या देशातून वस्तू निघते आणि ज्या देशात येते, दोन्हीकडचे नियम बोलीच्या आधी बघा. निर्यात परवाना नाकारला तरी बहुतेक लिलावगृहांच्या अटींप्रमाणे व्यवहार रद्द होत नाही, पैसे द्यावेच लागतात.

मेजाबद्दल थोडक्यात. खण बाहेर काढून त्याच्या बाजूचा, तळाचा आणि पाठीचा फोटो मागवा. हाताने कापलेले सांधे एकमेकांपासून किंचित वेगळे असतात, यंत्राचे सगळे एका मापाचे. खणाच्या आतल्या बाजूला बुजवलेली जादा भोकं दिसली तर मुठी बदलल्यात. फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर तो १९३० च्या दशकाच्या आधीचा नाही. आणि लाकूडकिडीची भोकं बघताना एक लक्षात ठेवा: कीड लाकूड आतून पोखरते, त्यामुळे पृष्ठभागावर फक्त गोल भोकं दिसायला हवीत. लांबट, उघडी नाळीसारखी भुयारं दिसत असतील तर ते लाकूड कीड लागल्यानंतर कापलं गेलंय, म्हणजे जुन्या लाकडातून नवं मेज बनवलंय. हे सगळं ठीक निघालं तरी माझी शंका वेगळीच आहे. गडद लाकडाच्या जुन्या फर्निचरचे भाव गेल्या पंचवीस वर्षांत खूप उतरलेत, आणि मेज समुद्र ओलांडून आणायचा खर्च सहज त्याच्या बोलीपेक्षा जास्त होतो. आधी वाहतुकीचा लेखी भाव घ्या. त्यानंतरही हवंसं वाटलं तर घ्या, कारण रोज हाताखाली येणाऱ्या वस्तूचं सुख हिशेबात मोजता येत नाही.

आता पैसे. हातोडा ज्या आकड्यावर पडतो तो तुमचा खर्च नव्हे. १९७५ मध्ये ख्रिस्टीज आणि सदबीज यांनी लंडनमध्ये घेणाऱ्याकडून १० टक्के प्रीमियम, म्हणजे बोलीच्या वर लिलावगृहाचं शुल्क, घ्यायला सुरुवात केली, तेव्हा व्यापाऱ्यांनी मोठा आरडाओरडा केला होता. आज २५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त सर्रास लागतो. समजा हातोडा १०० वर पडला. प्रीमियम २६, त्या प्रीमियमवर २० टक्के कर म्हणजे ५.२, आणि तुम्ही मधल्या एखाद्या ऑनलाइन मंचावरून बोली लावली असेल तर त्याचे आणखी ५. झाले साधारण १३६. यात पॅकिंग, विमा, वाहतूक, आयात शुल्क अजून यायचंय. म्हणून हिशेब उलटा करा. एकूण १,५०० खर्चायची तयारी आहे, पाठवणीला २०० लागणार, राहिले १,३००. त्याला १.३६ ने भागा: ९५५. ही तुमची शेवटची बोली, आयात शुल्क असेल तर तीही अजून खाली. लिलावगृहाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर नोंदणी केली तर मंचाचे ते ५ अनेकदा वाचतात.

जुने निकाल चाळतानाही हाच सापळा आहे. कॅटलॉगमधला अंदाज प्रीमियम सोडून असतो, आणि प्रसिद्ध होणारी विक्रीची किंमत बहुतेक वेळा प्रीमियम धरून. दोन्ही शेजारी ठेवून 'सगळं अंदाजाच्या वर जातं' असा निष्कर्ष काढणारे अनेक भेटतात. तुमच्या तिन्ही वस्तूंसाठी गेल्या पाच-सात वर्षांतले सारखे निकाल आर्टनेट, इनव्हॅल्युएबल अशा लिलावांचे निकाल ठेवणाऱ्या संकेतस्थळांवर शोधा, प्रीमियम वजा करून लिहून काढा, आणि न विकलेल्या वस्तूही त्यात धरा. हीच वस्तू वर्षभरापूर्वी दुसरीकडे न विकता परत गेली असेल तर ते कळणं फार उपयोगाचं आहे.

राखीव किंमत, म्हणजे ज्याच्या खाली वस्तू विकायची नाही असा ठरलेला आकडा, साधारणपणे खालच्या अंदाजापेक्षा जास्त नसते. ती येईपर्यंत लिलावकर्ता विकणाऱ्याच्या वतीने बोली लावू शकतो, आणि ते अटींत लिहिलेलं असतं. म्हणजे सुरुवातीच्या चार बोली पाहून 'किती जण मागे लागलेत' असं वाटून घेऊ नका. कदाचित तुमच्याशिवाय कुणीच नाही.

बोली केव्हा लावावी हे विक्री कशी बंद होते त्यावर ठरतं. अल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये याचा छान अभ्यास प्रसिद्ध केला. ईबेवर लिलाव ठरल्या क्षणी संपायचा, तिथे बोलींची झुंबड शेवटच्या मिनिटाला उडायची. तेव्हाच्या अ‍ॅमेझॉनच्या लिलावात उशिरा बोली आली की वेळ वाढायची, तिथे ही झुंबड खूपच कमी. आज बहुतेक कलावस्तूंच्या कालबद्ध विक्रीत वेळ वाढते. म्हणून शेवटच्या सेकंदाची वाट बघण्यात अर्थ नाही. तुमची कमाल बोली प्रणालीत टाका, ती गरजेपुरतीच टप्प्याटप्प्याने वर जाईल. आकडा गोल नको: बरेच जण १,००० वर थांबतात, पुढचा टप्पा १,०५० असेल तर तुमची मर्यादा तिथे ठेवा, अर्थात हिशेबात बसत असेल तरच. आणि आकडा टाकल्यावर स्क्रीनसमोर बसू नका. वेळ दोन-दोन मिनिटांनी वाढत असताना 'अजून एकच' म्हणत लोक मर्यादेच्या दीडपट गेलेले मी पाहिलेत. तुम्हाला आणि समोरच्या बोलीदाराला एकमेकांचे चेहरे दिसत नसतात, त्यामुळे सभागृहात वाटते ती भीडही वाटत नाही.

बोली जिंकली तर बिल ईमेलने येईल. पैसे पाठवण्याआधी लिलावगृहाच्या संकेतस्थळावरचा क्रमांक फिरवून बँक खात्याचा आकडा तोंडी पडताळा. 'आमचं खातं बदललंय' असा मधल्यामध्ये घुसवलेला ईमेल ही सध्याच्या महागड्या फसवणुकींपैकी एक आहे, आणि पाठवलेले पैसे क्वचितच परत मिळतात. विकणारा व्यापारी असेल आणि विक्री पूर्णपणे ऑनलाइन असेल, तर युरोपीय संघात ग्राहकाला १४ दिवसांत माल परत करण्याचा हक्क असू शकतो. ज्या लिलावाला प्रत्यक्ष हजर राहता येतं त्याला तो लागू नाही. नोंदीत विकणाऱ्याच्या दर्जाबद्दल खूण असते, ती आधीच बघून ठेवा.

वाहतुकीसाठी फळीचं चित्र सपाट लाकडी खोक्यात, काच असेल तर तिच्यावर चिकटपट्टी लावून, आणि विमा हातोड्याच्या नव्हे तर एकूण खर्चाच्या रकमेचा. खोकं आलं की उघडण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढा, उघडताना व्हिडिओ चालू ठेवा, पॅकिंग फेकू नका. तक्रारीची मुदत काही ठिकाणी मोजक्या दिवसांचीच असते. ओकची फळी मात्र लगेच बाहेर काढू नका. खोक्याचं झाकण उघडून ते एक दिवस खोलीत तसंच राहू द्या, म्हणजे लाकूड खोलीच्या हवेला सावकाश रुळतं. नंतर ती हीटरच्या वर, एसीच्या झोताखाली किंवा बाहेरच्या ओल्या भिंतीवर लावू नका. फळीला फ्रेममध्ये किंचित हलायला जागा आहे का ते मागून बघा. कुणी ती खिळ्यांनी घट्ट ठोकून बसवली असेल तर ते खिळे स्वतः उपटू नका, लाकडावर काम करणाऱ्या संवर्धकाकडे न्या.

सहा दिवस आहेत म्हणता. फोटोंची मागणी आजच पाठवा: फळीची पाठ आणि कडा, अतिनील फोटो, आकाश आणि दोऱ्यांचे जवळून फोटो, शिक्के तिरप्या उजेडात, झाकणाची आतली बाजू, वाफेची चाचणी, हँडलचे सांधे. मेजासाठी फक्त वाहतुकीचा भाव. विक्रीच्या आदल्या दिवशी अशा पत्रांचा तिथे ढीग पडतो आणि उत्तरं दोन ओळींची येतात. पाच दिवस आधी विचारणाऱ्याला मात्र वस्तू हातात घेऊन पाहणारा माणूस मिळतो.